गेटवाल्यांचा पाहुणा

गेटाचं काम घेताना गेटवाले आधी माप घेत नसत. घरात येऊन बसत, पाणी मागून घेत आणि विचारत, "घरात कोण कोण असतं?"

नवं गिऱ्हाईक बुचकळ्यात पडे. गेट लागणार बाहेर, आणि हा माणूस चौकशी करतोय आतल्यांची. पण गेटवाल्यांना ती माहिती लागायचीच. आजींची बोटं संधिवाताने आखडली आहेत असं कळलं, की कडी वर उचलायची नाही, बाजूला सरकवायची होई. घरात रांगतं मूल असेल तर खालच्या सळ्यांमध्ये मुठीपेक्षा जास्त अंतर नाही. एखादा रात्रपाळी करून दिवसा झोपणारा असेल तर कडी आपटते तिथे रबराचा तुकडा. हे सगळं मनात बसलं की मगच खिशातून टेप निघे. चौतीस वर्षांत त्या भागातली निम्मी गेटं त्यांच्या हातची झाली होती, आणि त्यांचं स्वतःचं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बाकी जगाला ते गेटवाले.

गेट बसवून झालं की शेवटी एक गोष्ट ते न चुकता करत. दोन्ही हातांनी गेट धरून, सगळं अंग घालून, ते गदागदा हलवून बघत. हललं नाही, कुरकुरलं नाही, की म्हणत, "झालं." हलणारी वस्तू त्यांना सोसत नसे. घरातलं डुगडुगणारं टेबल संध्याकाळपर्यंत डुगडुगत राहिलंय असं कधी झालं नाही. बायको म्हणायची, "ह्यांच्यासमोर दात हलतोय म्हणायची चोरी आहे. वेल्डिंगचा होल्डर घेऊन येतील."

बायको शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. सव्वीस वर्षं तिने काचेची नळकांडी धुतली होती, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्या होत्या आणि कोणत्या मुलाच्या हातून काय फुटणार हे त्याच्या दारातून आत येण्यावरून ओळखलं होतं. शाळेत तिला सगळे लॅबताई म्हणत. घरातही साखरेच्या डब्यावर 'साखर' आणि मिठाच्या डब्यावर 'मीठ' अशी चिठ्ठी असे. चव घेऊन बघायचं असतं हे तिला मान्य नव्हतं. प्रयोगशाळेत चव घेऊन बघणाऱ्यांचं काय होतं ते तिने पाहिलं होतं.

पाहुणाही प्रयोगशाळेतूनच आला. काचेच्या बरण्या ज्या खोक्यातून आल्या होत्या त्यातल्या पेंढ्यात एके सकाळी एक पिल्लू झोपलेलं सापडलं. तपकिरी, एक कान ताठ, दुसरा मोडलेला, आणि चारही पाय चुन्यात बुडवल्यासारखे पांढरे. लॅबताईंनी त्याला पिशवीतून घरी आणलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "दोन दिवसांचा पाहुणा आहे. कोणीतरी नेईल." ह्याला तीन वर्षं झाली. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला होता, तो फोनवर आधी "पाहुणा काय म्हणतो" विचारायचा, मग "आई कशी आहे."

एक वर्षाचा झाल्यावर पाहुण्याला कळलं की अंगणाला बाहेर आहे.

आधी तो मागच्या भिंतीखालून गेला. तिथली माती भुसभुशीत होती. तासाभरात त्याने आपल्यापुरती वाट उकरली. ती बुजवली तर नळाच्या बाजूने उकरली. तीही बुजवली तर आणखी कुठून तरी. कधी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानासमोर बसलेला सापडे, कधी शाळेच्या बसमागे धावताना दिसे. परत आणलं की इतक्या आनंदाने घरात शिरायचा, की जणू ह्यांनाच शोधायला बाहेर पडला होता. गेटवाल्यांनी पत्र्याचा एक गोल बिल्ला कापून, त्यावर फोन नंबर ठोकून त्याच्या गळ्यात घातला. तेव्हापासून फोन येऊ लागले. "तुमचा पाहुणा आमच्याकडे आलाय," असं लोक सांगत, आणि कधीकधी पलीकडून हसण्याचाही आवाज येई.

लॅबताईंनी एक वही घातली. शाळेतली जुनी, उभ्या रेघांची प्रयोगवही. पहिल्या पानावर सुबक अक्षरात लिहिलं: 'उद्देश: पाहुणा अंगणातून कसा निसटतो हे शोधणे. साहित्य: पाहुणा.' खाली तारीख, वेळ, मार्ग, कुठे सापडला, निरीक्षण, अनुमान. ज्या दिवशी काही घडलं नाही त्या दिवशी 'निरंक.' मार्गाच्या रकान्यात आधी 'भिंतीखालून' येई. पुढे पुढे तिथे 'गेट' येऊ लागलं, आणि त्यापुढे कंसात प्रश्नचिन्ह.

ते प्रश्नचिन्ह गेटवाल्यांसाठी होतं. त्यांना ते पटत नव्हतं.

त्यांचं स्वतःचं गेट म्हणजे त्यांचा नमुना होता. घर बांधलं तेव्हा तीन आठवडे खपून त्यांनी ते केलं होतं. गिऱ्हाइकाला कारागिरी दाखवायची तर घरी आणून ते दाखवत. सगळ्यांची गेटं उभ्या सळ्यांची. ह्यांचं आडव्या पाइपांचं. नऊ पाइप, प्रत्येक दोहोंमध्ये बरोबर अर्धी वीत, आणि प्रत्येक पाइप ग्राइंडरने इतका गुळगुळीत केलेला की तळहात फिरवला तर काचेवरून फिरवल्यासारखा वाटे. छातीपर्यंत उंच. सकाळी कामावर निघताना ते कडी लावत आणि उगाच एकदा वरच्या पाइपावरून हात फिरवत.

समोर एक निवृत्त बसड्रायव्हर राहत. ते दिवसभर ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि गल्लीची वाहतूक सांभाळत. त्यांनी दोनदा सांगितलं होतं, "गेटवाले, तो तुमच्या गेटावरून येतो. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"गेटावरून नाही. कोणीतरी उघडं ठेवतं."

"मी तीस वर्षं आरशात बघून गाडी चालवली. समोरचं दिसत नाही का मला?"

"दूधवाला ठेवतो उघडं," गेटवाले म्हणाले, आणि त्याच दिवशी लाल रंगात एक पाटी रंगवून गेटावर लावली: 'कृपया गेट लावा.' दूधवाला बिचारा तेव्हापासून गेट लावून, परत येऊन, लावलं का ते बघून जाऊ लागला. पाहुणा जातच राहिला. आपला मुलगा चोरी करतो हे जसं बापाला शेवटी कळतं, तसं ते होतं. ड्रायव्हर तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गावाला गेटं, आणि घरचा कुत्रा रस्त्यावर."

मग तो सोमवार आला.

लॅबताई शाळेतून परतत होत्या. गल्ली संपते तिथे मोठा रस्ता आहे. मालाचे ट्रक आणि टँकर तिथून जातात. त्या पलीकडे उभ्या राहून रस्ता मोकळा होण्याची वाट बघत होत्या, तेव्हा त्यांना गल्लीच्या तोंडाशी पाहुणा दिसला. त्यालाही त्या दिसल्या. त्यांनी 'तिथेच थांब' म्हणून हात वर केला. पाहुण्याला वाटलं, बोलावतायत. तो निघाला. आणि त्याच्या आधी पोचायला म्हणून लॅबताई स्वतः रस्त्यात धावल्या. ज्या बाईने सव्वीस वर्षांत व्हरांड्यात एका मुलाला धावू दिलं नव्हतं, ती.

टँकर त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला. चालक खाली उतरला. तो ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. पण लॅबताई रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या, तोही त्यांच्याजवळच बसला. पाहुणा आळीपाळीने दोघांचे हात चाटत होता.

घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले, वहीत लिहिलं, आणि मग नवऱ्याला सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "मी मामेभावाला फोन केलाय. त्याच्या गोदामाला राखणीला कुत्रा हवाय."

मामेभावाचं लाकडाचं गोदाम शहराबाहेर होतं. तिथले कुत्रे खांबाला बांधलेले असत. दोघांनीही ते पाहिले होते.

"तिथे साखळी असते," गेटवाले म्हणाले.

"माहीत आहे."

"दिवसभर."

"अहो, साखळीत जगेल. पण जगेल." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला रोज त्या रस्त्यावर उभं राहून बघायचं नाहीये, आज आहे की नाही. तुम्ही तिथे नव्हता."

पाहुणा टेबलाखाली झोपला होता आणि झोपेत त्याचे पांढरे पाय हलत होते. तो कुठेतरी धावत होता.

"एवढा आठवडा दे," गेटवाले म्हणाले.

"रविवारी तो गाडी घेऊन येतोय. तोवर एकदा जरी हा बाहेर गेला, तर जाईल. मग मध्ये पडायचं नाही."

"नाही पडणार."

मंगळवारी गेटवाल्यांनी कार्यशाळा बंद ठेवली. भिंतीच्या कडेने वीतभर खोल चर खणला, त्यात जाड जाळी आडवी टाकली, तिची कड भिंतीला पक्की केली आणि वरून माती आणि फरशीचे तुकडे दाबले. आता भिंतीजवळ उकरलं की नखं जाळीला लागणार. बुधवारी मागची भिंत दोन विटांनी उंच केली आणि नळाशेजारचा दगडी ओटा फोडून टाकला, कारण त्यावर चढून भिंत गाठता आली असती. पाहुणा दोन्ही दिवस त्यांच्यामागे मागे हिंडला. प्रत्येक खड्ड्यात तोंड घालून आला. नाकाला सिमेंट लावून घेतलं. वहीत मंगळवार निरंक, बुधवार निरंक.

गुरुवारी ते निश्चिंत मनाने कामावर गेले आणि दुपारी जेवायला घरी आले, तेव्हा अंगण रिकामं होतं. जाळी जागेवर, भिंत जागेवर, गेटाला कडी लावलेली. समोर ड्रायव्हर खुर्चीत बसून होते. त्यांनी नुसता उजवीकडे हात केला.

गेटवाले निघाले. ऊन होतं, गल्ल्या रिकाम्या. शोधत जाताना दोन्ही बाजूंना त्यांचीच गेटं लागत होती. हे जुळ्या मुलींच्या घरचं, दोन उंचीवर दोन कड्या. हे त्या आंधळ्या पेटीमास्तरांचं, उघडताना मुद्दाम एक बारीक टणत्कार होणारं, म्हणजे आत कोणी आलं हे त्यांना कळावं. प्रत्येक गेटामागे वाकून ते बघत होते. मोठ्या रस्त्याच्या दिशेला वळताना त्यांनी चाल वाढवली, आणि मग पळालेच.

रस्त्याच्या अलीकडच्या शेवटच्या घरात एक निवृत्त नर्स राहत. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्या पायरीवर बसल्या होत्या, आणि त्यांच्या पायाशी पाहुणा बिस्किट खात होता.

गेटवाले गेटाला धरून उभे राहिले. धाप लागली होती.

"बसा आधी," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा हा कमी दमलाय."

"मी सगळीकडून बंद केलंय, सिस्टर. खालून जाळी टाकली, भिंत उंच केली. आता ह्याला आणखी काय पाहिजे?"

"मला काय माहीत. ह्याला विचारलंत?"

"ह्याला काय विचारायचं?"

"माझ्या गेटाच्या वेळी अर्धा तास विचारत होतात. गुडघा कुठला दुखतो, काठी कुठल्या हातात धरता. माझे एक्स-रे तेवढे मागायचे राहिले होते." त्यांनी पाहुण्याच्या तोंडावरचा चुरा पुसला. "ह्याचं माप नाही घेतलंत तुम्ही. जाळीचं घेतलंत."

गेटवाले त्याला पट्टा लावून घरी घेऊन आले. लॅबताई पाच वाजता येणार होत्या. ड्रायव्हर समोरून म्हणाले, "माझ्याकडून वहिनींना कळायचं नाही. मी डुलकी काढत होतो, असं धरून चाला."

गेटवाल्यांनी मान हलवली आणि आत गेले. वही फ्रीजवर असे. बराच वेळ ती हातात धरून ते उभे राहिले. त्यांना लिहायची सवय नव्हती. मापं सोडली तर वर्षात चार ओळी लिहीत नसतील. मग टेबलापाशी बसून, एकेक अक्षर वेल्डिंगच्या टाक्यासारखं सुटं सुटं ठेवत, त्यांनी लिहिलं: 'गुरुवार. दुपारी एकच्या आधी. मार्ग: माहीत नाही. सिस्टरच्या घरी सापडला. रस्त्यापासून वीस पावलं.' अनुमानाचा रकाना मोकळा ठेवला.

संध्याकाळी लॅबताईंनी वही उघडली आणि नवऱ्याचं अक्षर पाहिलं. पेनाचं टोपण लावून त्या म्हणाल्या, "हे मला कळलं नसतं."

"नसतं."

"ड्रायव्हर बोलले नसते. सिस्टर तर नाहीच."

"हो."

"मग लिहिलंत कशाला?"

"तुझी वही आहे," ते म्हणाले. "दोन वर्षांत त्यात एक खोटी ओळ नाही. मी कशी घालू?"

त्या पाहुण्याच्या ताठ कानामागे खाजवत राहिल्या. मग म्हणाल्या, "रविवारी तो येतोय."

"येऊ दे. ठरलंय ते ठरलंय."

रात्री जेवणानंतर ताटं उचलताना लॅबताईंनी वही त्यांच्यासमोर ठेवली. "मागची पानं वाचा एकदा. ज्या ज्या दिवशी मी ह्याला सकाळी फिरवून आणलंय, त्या दिवशी बहुतेक निरंक आहे. माझे गुडघे धरल्यापासून फिरवणं बंद झालं, तेव्हापासून रकाने भरलेत. एवढं मला दिसलंय. बाकीचं दिसलं नाही, कारण ह्याच्या निसटायच्या वेळी आपण कोणीच घरी नसतो."

शुक्रवारी पहाटे गेटवाले पाहुण्याला घेऊन तासभर चालले. उगाच चालायची सवय नसल्यामुळे ते हातात टेप घेऊन गेले होते. परत आल्यावर त्यांनी पुढच्या खोलीतली खिडकी थोडी किलकिली केली, तिच्यामागे स्टूल ठेवलं आणि बसले. पाहुण्याला वाटावं की घरात कोणी नाही, म्हणून चप्पलही लपवली.

दहा वाजेपर्यंत पाहुणा झोपला. अकराला उठून पाणी प्यायला, भिंतीपाशी जाऊन दोनदा उकरलं, नख जाळीला लागल्यावर सोडून दिलं. साडेअकराच्या सुमाराला गल्लीतून एक सायकल गेली. पाहुणा गेटापाशी आला. पाइपांच्या फटीतून त्याला सायकल दिसली. ती गल्लीच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत त्याने मान इतकी वाकडी केली की गाल पाइपाला दाबला गेला. मग मागे सरकला. पुढचे दोन पाय दुसऱ्या पाइपावर ठेवले. मागचे दोन पहिल्यावर. पुढचे चौथ्यावर.

गेटवाले स्टुलावरून उठले, पण जागचे हलले नाहीत.

अर्धी वीत, अर्धी वीत, अर्धी वीत. त्याचा पाय कुठेच चुकत नव्हता, कारण अंतर कुठेच चुकलं नव्हतं. कड कुठे बोचत नव्हती, कारण बोचणारी कडच त्यांनी कुठे ठेवली नव्हती. वरच्या पाइपावर, जिथे ते रोज सकाळी हात फिरवत, तिथे पाहुण्याने चारही पांढरे पाय गोळा केले, क्षणभर तोल सांभाळला. पाइप जरासुद्धा हलला नाही.

"अरे," गेटवाले खिडकीतून हळूच म्हणाले.

पाहुण्याने वळून पाहिलं. शेपूट हलवलं. आणि जसा चढला होता तसाच, एकेक पायरी करत, आत उतरला.

गेटवाले बाहेर येऊन गेटासमोर उकिडवे बसले. आपण चौतीस वर्षांत केलेली सगळ्यात सुंदर शिडी ते बघत होते. मग त्यांना हसू आलं. पाहुणाही शेजारी बसून तिकडेच बघू लागला.

दुपारीच ते कार्यशाळेत गेले. गेट काढायचं म्हटलं तर हात धजेना, आणि रविवारपर्यंत नवं होणारही नव्हतं. त्यांनी आतल्या बाजूने पूर्ण गेटावर पातळ पत्रा मारायचं ठरवलं, म्हणजे पाय ठेवायला जागा राहणार नाही. नऊच्या नऊ पाइप आतून झाकले गेले. पहिला टाका मारताना त्यांनी काच डोळ्यांवर जरा लवकरच ओढली.

पण पत्र्यावरूनही उडी मारून वरची कड पकडता आली असती. म्हणून वर आणखी एक जाड पाइप आला, आणि तो बारीक पाइपावर नुसता ओवलेला, सैल. पंजा पडला की फिरेल. फिरला की पंजा सुटेल. कागदावर सोपं होतं. बसवताना मात्र प्रत्येक टोकाला त्यांचा हात आपोआप होल्डरकडे जाई. एकदा तर त्यांनी खरंच टाका मारला, आणि जीभ चावून तो पुन्हा घासून काढला.

शनिवारी आत दीड पावलावर दुसरं, पत्र्याचंच गेट उभं राहिलं. कार्यशाळेत एका गिऱ्हाइकाने नाकारलेलं पडून होतं ते. दोन्ही गेटांमध्ये, बाजूच्या भिंतीलगत, एकच आडवी सळई. बाहेर सरकवली की तिचं टोक बाहेरच्या गेटात शिरे आणि आतलं मोकळं होई. आत सरकवली की उलट. म्हणजे एका वेळी एकच गेट उघडणार. आणि गेट नीट लागलेलं नसेल तर सळई भोकात जातच नसे. आता दूधवाल्याच्या प्रामाणिकपणावर काही अवलंबून नव्हतं. लाल पाटी त्यांनी काढून टाकली आणि दूधवाल्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मला आता सवय झालीय बघायची."

संध्याकाळी लॅबताई बाहेर येऊन सगळं बघून गेल्या. सळई दोनदा सरकवून पाहिली. आतल्या गेटाजवळ थांबून म्हणाल्या, "म्हणजे ह्याला आता बाहेरचं काहीच दिसणार नाही."

"नाही."

"हं," एवढंच म्हणून त्या आत गेल्या. पण उद्या जायचंच असलेल्या कुत्र्यासाठी कोणी हे म्हणत नाही. गेटवाल्यांनी पाहुण्याला उभं करून जमिनीपासून त्याच्या डोळ्यापर्यंत माप घेतलं, आणि अंधार पडायच्या आत दोन्ही गेटांच्या पत्र्यात, समोरासमोर, बशीएवढं एकेक गोल भोक कापलं. कडा बोटाने चाचपून चाचपून घासल्या.

रविवारी मामेभाऊ आला. गाडी लावून गेटाशी आला तर गेटातून एक तपकिरी डोळा त्याच्या बुटांकडे बघत होता.

"ताई, हे काय तुरुंग बांधलाय का दाजींनी?"

"आत ये. ती सळई आत सरकव. आता बाहेरचं उघड. आत आलास की लाव. लागलं का? मग सळई बाहेर ढकल."

घाम पुसत तो अंगणात आला. त्याच्या हातात साखळी होती, नवी, अजून दुकानाच्या दोऱ्याने बांधलेली. लॅबताई ती बघत राहिल्या. गेटवाले भिंतीला टेकून उभे होते आणि ठरल्याप्रमाणे मध्ये पडत नव्हते.

"निघू का घेऊन?" मामेभाऊ म्हणाला. "गुरुवारी पुन्हा पळाला म्हणे. फोनवर तूच सांगितलंस."

"पळाला. ह्यांनीच वहीत लिहिलंय." लॅबताईंनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. "पण अनुमान लिहायचं राहिलंय. एक प्रयोग बाकी आहे. बस तू."

त्यांनी नवऱ्याला खूण केली. गेटवाले पाहुण्याला अंगणात ठेवून, आतलं गेट लावून, स्वतः बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. सळई त्यांनी बाहेरून हात घालून ओढून घेतली, आणि मग लॅबताईंनी आतलं गेट उघडून पाहुण्याला मधल्या चौकटीत सोडलं. ड्रायव्हर खुर्ची पुढे ओढून बसले.

"पाहुण्या," गेटवाल्यांनी रस्त्यावरून हाक मारली. आपण हाक मारतोय आणि त्याने येऊ नये म्हणून मनातून हात जोडतोय, हे त्यांना पहिल्यांदाच करावं लागत होतं.

पाहुण्याने भोकातून पाहिलं. मग चार पावलं मागे गेला, धावत आला आणि उडी मारली. पुढचे पंजे बरोबर वरच्या पाइपावर पडले. पाइप गर्रकन फिरला. पाहुणा आला तसा खाली बसला. त्याने पाइपाकडे पाहिलं. पुन्हा मागे गेला. पुन्हा उडी. पाइप फिरला. तिसऱ्यांदा त्याने आधी पंजा उचलून हवेतच थांबवला, विचार केला, तरी मारली. घसरला. मग गेटाला पाठ करून अंगणात आला आणि जणू आपल्याला हेच करायचं होतं अशा थाटात भांड्यातलं पाणी प्यायला लागला.

ड्रायव्हर रस्त्यापलीकडून म्हणाले, "कुत्र्याचं शेपूट नळीत घालतात असं ऐकलं होतं, गेटवाले. तुम्ही अख्खा कुत्राच नळीवर घातलात."

लॅबताईंनी लिहिलं. वही नवऱ्याकडे दिली नाही, पण गेटवाले आत आले तेव्हा त्यांना वाचता आलं: 'अनुमान: उंची नव्हे, पकड. मार्ग बंद. रोज सकाळी व संध्याकाळी फिरवणे (ह्यांनी).'

"माझी अट गुरुवारी मोडली, तेव्हा कायद्याने तो तुझा," त्या मामेभावाला म्हणाल्या. "पण गोदामाला जो कुत्रा लागतो तो हा नाही. हा राखण करणार नाही. चोर आला तर त्याच्याबरोबर जाईल."

मामेभाऊ हसला. "ते मला आज ह्याच्या डोळ्यात दिसलं, ताई. ही साखळी?"

"घेऊन जा."

चहा झाला. मामेभाऊ उठला, सगळ्यांना येतो म्हणाला, आतल्या गेटातून मधल्या चौकटीत गेला आणि बाहेरचं गेट ओढू लागला. ते उघडेना.

"दाजी, अडकलंय."

"अडकलं नाही. सळई आत सरकव."

"सरकत नाहीये."

"मागचं गेट नीट लागलं नसेल."

मामेभावाने मागे वळून पाहिलं. मागच्या गेटाच्या फटीत पाहुणा उभा होता, अर्धा आत, अर्धा बाहेर, शेपूट अंगणात हलत होतं आणि तोंड मामेभावाच्या पिशवीला लागलं होतं. त्या पिशवीत लॅबताईंनी त्याच्या मुलांसाठी बिस्किटं दिली होती.

"ताई, हा सरकत नाहीये."

"मग थांब तिथेच जरा," लॅबताई म्हणाल्या आणि नवऱ्याच्या हातात पट्टा दिला. "ह्याची संध्याकाळची वेळ झालीच आहे. हे दोघं तुला गाडीपर्यंत सोडतील."